सडक्या कांद्यांचे दिवस

परवा दुपारी आमच्या हॉस्टेलच्या मेसमध्ये आचाऱ्याने कांद्याची गोणी उघडली आणि जेवणाची निम्मी रांग मागे सरकली. मुलींनी ओढण्या नाकाला लावल्या. कोणी खिडक्या उघडल्या, कोणी ताट तसंच ठेवून बाहेर गेलं. आचारी स्वतःशीच पुटपुटत गोणी मागच्या दाराकडे ओढायला लागला. मी मात्र ताट हातात धरून तिथेच उभी राहिले. शेजारच्या खोलीतली मुलगी मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाली, "तुला वास येत नाही का? सर्दी झालीये?" मी नुसतीच मान हलवली. तिला सांगणार तरी काय?

दक्षिणेतल्या या शहरात भाद्रपदाला कोणी भाद्रपद म्हणत नाही. हवा मात्र तीच. दोरीवरचे कपडे वाळत नाहीत, पुस्तकांची पानं मऊ पडतात, दुपारी उन्हाची एखादी तिरीप येते आणि बघता बघता जाते. मी इथे संशोधनाला आले त्याला आता काही वर्षं झाली. माझं कामही कांद्याचं राहिलेलं नाही. तरी हे दिवस आले की मी मनाने नाशिकला जाते. कॉलेजच्या जुन्या वर्कशॉपमागे एक खोली होती, तिथे. त्या आठवणीत ऋतुजा येते, देशमाने मॅडम येतात, आणि थोड्या वेळाने दोघी निघून जातात. मग खोलीत मी उरते, आणि बरण्या.

सडक्या कांद्याचा वास सगळ्यांना एकच वाटतो. तो एक नसतो. सुरुवातीला तो चक्क गोडसर असतो, उसाच्या रसाच्या गाड्याजवळ येतो तसा. मग त्यात काडी ओढल्यासारखा गंधकाचा तिखटपणा येतो. शेवटी जो येतो तो नाकात बसत नाही, घशात बसतो, आणि केस दोनदा धुतले तरी उशीवर उरतो. मी हे सगळे टप्पे ओळखायला शिकले तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते.

आमचं गाव येवल्याजवळ. उन्हाळी कांदा काढून झाला की तो चाळीत भरायचा, म्हणजे बांबू आणि पत्र्याच्या हवेशीर लांब कोठारात, आणि भाव बघून पावसाळ्यात काढायचा. तिसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन मी घरी होते. त्याच्या आदल्या पावसाळ्यात आमची चाळ उघडली तेव्हाचा प्रसंग घरात अजून ताजा होता. दर्शनी थर लालबुंद, खडखडीत. वडिलांनी, म्हणजे नानांनी, दोन पाट्या भरल्या आणि तिसरी भरताना हात आत घातला तो मनगटापर्यंत ओला होऊन बाहेर आला. आतला सगळा ढीग पाणी सुटून बसला होता. नाना हौदावर जाऊन बराच वेळ हात धूत राहिले. आई आणि शेजारच्या बायका पुढे आठवडाभर तोंडाला फडकी बांधून कांदा निवडत होत्या, आणि नाना त्या बाजूला फिरकलेच नाहीत.

मला तेव्हा वाटलं होतं, कोणालाच कसं कळलं नाही? रोज माणसं चाळीवरून येत-जात होती. नानांना नाक आहे, आईला आहे. पण वास बाहेर येईपर्यंत आतलं सगळं होऊन गेलेलं असतं.

हा प्रश्न मी शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी कॉलेजात घेऊन गेले असं म्हणायला बरं वाटेल, पण तसं झालं नाही. मी इलेक्ट्रॉनिक्सला गेले ती सीईटीच्या मार्कांमुळे. पहिली तीन वर्षं प्रॅक्टिकल म्हणजे उत्तर आधी माहीत असलेलं गणित होतं. सिनिअरची फाईल समोर, त्यातलं रीडिंग थोडं इकडेतिकडे करून आपल्या फाईलीत. आपलं रीडिंग वेगळं आलं तर चूक आपलीच, हे इतकं पक्कं होतं की खरं रीडिंग घेण्याच्या भानगडीत कोणी पडत नसे. प्रोजेक्टसाठी विषय विचारले तेव्हाही आम्ही दोघींनी नेटवरून काढलेली यादी नेली होती.

दोघी म्हणजे मी आणि ऋतुजा. ऋतुजा माझी रूममेट, मालेगावची. घराला लागून यंत्रमागांचा कारखाना, त्यामुळे लहानपणापासून मागांच्या आवाजावर ओरडून बोलायची सवय. खोलीत ती साधं "चहा घेणार?" विचारायची ते हॉस्टेलच्या खालच्या मजल्यावरच्या रेक्टर काकूंना ऐकू जायचं. पहिल्या वर्षी मी रडत असताना तिने मला जबरदस्तीने उठवून कॉलेज रोडला मिसळ खायला नेलं होतं. माझी दुसरी कोणी जवळची मैत्रीण नव्हती आणि मला तशी गरजही वाटली नव्हती.

देशमाने मॅडम आम्हाला गाईड म्हणून मिळाल्या तेव्हा ऋतुजाने कपाळावर हात मारला. मॅडम कडक म्हणून प्रसिद्ध. एकलहऱ्याच्या कॉलनीत वाढलेल्या, वडील वीज केंद्रातून निवृत्त, त्यांच्याबरोबर नाशिक रोडला राहायच्या. लग्न केलेलं नव्हतं. डबा स्टाफरूममध्ये न खाता आपल्या टेबलाशी खायच्या. त्यांची पीएच.डी. कशात होती हे कॉलेजात फारसं कोणाला माहीत नव्हतं.

त्यांनी आमची यादी वाचली आणि परत दिली.

"हे सगळं कोणीतरी करून झालंय. तुम्हाला स्वतःला काय कळत नाही, ते सांगा."

ऋतुजा यादीची घडी घालायला लागली. मग मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "मॅडम, चाळीत आतला कांदा सडला तर बाहेर कळत नाही."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "का कळत नाही?"

"माहीत नाही."

"मग बघू या," त्या म्हणाल्या. माझ्या आयुष्याला वळण लागलं ते या तीन शब्दांनी. त्या क्षणी मात्र मला एवढंच वाटलं की आता ऋतुजा मला मारणार.

डिपार्टमेंटच्या लॅबमध्ये कांदे आणायला हेडनी साफ नकार दिला. मॅडमनी कुठून तरी वर्कशॉपमागची जुनी बॅटऱ्यांची खोली मिळवली. एक खिडकी, एक ओटा, भिंतीवर ॲसिडचे पिवळे डाग. आम्ही ती धुतली. लोणच्याच्या मोठ्या काचेच्या बरण्या आणल्या. झाकणाला भोक पाडून आत एकेक सेन्सर बसवला. हा सेन्सर शर्टाच्या बटणाएवढा. चालू केला की कोमट होतो, आणि आसपासच्या हवेत काही वायू वाढले की त्याचा आकडा चढतो. काही बरण्यांत चांगले कांदे ठेवायचे, काहींत सडायला लागलेले, आणि कॉम्प्युटरवर रेघ कशी चढते ते बघायचं. एवढाच बेत.

चांगले कांदे नाशकात कुठेही मिळतात. सडके मागायला मी घरी फोन केला.

"चांगला मागितला असता तर गोणी पाठवली असती," नाना म्हणाले. "सडक्याचं काय करायचं हाय तुला?"

"त्याचा वास मोजायचाय."

मग त्यांनी आईला सांगितलेलं ऐकू आलं, "अगं, पोरगी म्हणते वास मोजायचा हाय. तिकडं जेवणबिवण नीट देत्यात ना?"

शेवटी मीच जाऊन दोन पिशव्या घेऊन आले. येवल्याहून एसटीत बसले तर विंचूरच्या आधीच मागच्या बाकावरचे आजोबा उठून पुढे गेले. कंडक्टर माझ्याजवळ येऊन वाकला.

"ताई, पिशवीत काय हे?"

"कांदे."

"सडलेत ते."

"हो. सडकेच आणलेत."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "नाशकाला सडका कांदा न्यायचा? तिथं काय कमी हाय का?" सगळी गाडी हसली. मीही हसले. पिशव्या शेवटच्या सीटखाली ठेवल्या आणि मीही तिथेच बसले. नाशिक येईपर्यंत माझ्या आजूबाजूचे बाक रिकामे राहिले. पुढे जे व्हायचं होतं त्याची ही नुसती झलक होती.

सुरुवातीचे आठवडे मजेचे होते. ऋतुजा खोलीत शिरताना नाकाला गुलाबपाण्याचा रुमाल बांधायची आणि त्यातूनही ओरडून बोलायची. वर्गात आमच्या बाकाच्या मागेपुढे कोणी बसेनासं झालं. व्हॉट्सॲप ग्रुपवर आमचं नाव 'लासलगाव मार्केट' पडलं. दोघी असलो की अशा गोष्टींचं काही वाटत नाही. उलट मिरवावंसं वाटतं.

आणि आकडे चढत होते. चांगल्या कांद्यांच्या बरण्यांची रेघ सपाट, सडक्यांची चढती. आम्ही बरण्या बदलल्या, कांदे बदलले, तरी रेघ तशीच सुरेख चढायची. ऋतुजाने तो आलेख मोबाईलच्या वॉलपेपरवर लावला. राज्यपातळीवरच्या एका प्रोजेक्ट स्पर्धेत आमचा प्रोजेक्ट निवडला गेला. पोस्टर छापायला टाकलं. ऋतुजाची कंपन्यांच्या मुलाखतींची तयारी चालू होती आणि प्रत्येक सराव मुलाखतीत ती याच प्रोजेक्टबद्दल बोलायची. मला तोपर्यंत कशातच बक्षीस मिळालेलं नव्हतं. रात्री झोपताना मी मनातल्या मनात स्टेजवर चढून यायचे.

मग एक झड लागली. गंगापूर धरणातून पाणी सोडलं, गोदेला पूर आला. नाशिककरांना पूर मोजायला आकडे लागत नाहीत. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं, एवढंच ते विचारतात. त्या दिवशी रिक्षावाला म्हणाला, "कमरेच्या वर गेलंय." कॉलेजला सुट्टी दिली होती. मी बरण्या बघायला म्हणून गेले. ऋतुजा खोलीवरच होती.

कॉम्प्युटर चालू केला आणि बघितलं तर सगळ्या बरण्यांच्या रेघा चढल्या होत्या. सडक्यांच्याच नाही, चांगल्यांच्याही. मी चांगले कांदे बाहेर काढून एकेक कापून पाहिले. एकही बिघडलेला नव्हता. डोळ्यांत पाणी आलं ते कांद्यानेच. खिडकीबाहेर पाऊस कोसळत होता, भिंतीला ओल आली होती, ओट्यावर हात टेकला तर दमट लागत होता.

त्या दमट ओट्याकडे बघता बघता मला एक शंका आली.

एक बरणी धुऊन पुसून घेतली. तिच्यात काहीच ठेवलं नाही. फक्त माझा नॅपकिन पाण्यात बुडवून, पिळून, तळाशी टाकला आणि झाकण लावलं. मग स्टुलावर बसून राहिले. बराच वेळ काही झालं नाही. मग रेघ उठली. आणि चढत गेली, अगदी तशीच, तितकीच सुरेख, ऋतुजाच्या वॉलपेपरवर होती तशी.

सडणाऱ्या कांद्याला पाणी सुटतं. बरणीतली हवा ओली होते. आमचा सेन्सर त्या ओलीला चढत होता. इतके आठवडे आम्ही सडणं मोजतच नव्हतो. आम्ही ओल मोजत होतो.

मी तो नॅपकिन काढून वाळवला, परत ओला करून लावला, दुसऱ्या सेन्सरवर लावून पाहिला. प्रत्येक वेळी मनात, या खेपेला चढू नको. तो चढायचा. पावसामुळे सगळं आवार ओस पडलेलं. ही गोष्ट त्या घडीला साऱ्या जगात मला एकटीला माहीत होती, आणि ती मी तिथेच टाकून खोलीवर गेले असते तर कोणालाही कळली नसती. परीक्षकांना नाही, मॅडमना नाही. हे माझ्या लक्षात आलं नाही असं नाही. पण रेघ मी पाहिली होती. पाहिलेलं न पाहिल्यासारखं कसं करतात, ते मला जमेना.

ऋतुजाला सांगितलं तेव्हा ती केस विंचरत होती. तिने सगळं ऐकून घेतलं. मग पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली.

"तुला कोणी सांगितलं होतं रिकामी बरणी लावायला?"

"कोणी नाही."

"मग का लावलीस?"

"ऋतू, सगळ्याच रेघा चढल्या होत्या."

"पाऊस होता. एक दिवस गडबड झाली. सोडून द्यायचा तो दिवस. स्पर्धा झाली की बघू ना काय करायचं ते. माझी मुलाखत पुढच्या आठवड्यात आहे, तुला माहितीये. घरी काय चाललंय तेही माहितीये. नोकरी लागली नाही तर लग्न लावून देतील माझं."

ती खोटं बोलत नव्हती. तिच्या घरी स्थळं बघायला सुरुवात झाली होती. मी तिचा हात धरायला गेले, तिने कंगवा दुसऱ्या हातात घेतला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मॅडमकडे गेलो. मी सांगितलं. मॅडम रागावतील, समजावतील, काहीतरी करतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "दुसऱ्या सेन्सरवर बघितलंस?"

"हो."

"तोही चढला?"

"हो, मॅडम."

"हे मला आधी सुचायला हवं होतं," त्या म्हणाल्या. मग ऋतुजाकडे वळून, "स्पर्धेतून नाव काढून घेऊ. मुलाखतीत तुला हे खरं सांगता येईल. चांगल्या माणसाला ते आवडेलसुद्धा."

"आणि वाईट माणूस असला तर?" ऋतुजा म्हणाली आणि उठून गेली.

तिने गट बदलला. मोबाईल ॲप बनवणाऱ्या मुलांकडे एक जागा होती, ती तिला मिळाली. खोलीत आम्ही एकमेकींना लागेल तेवढंच बोलायचो, गीझर बंद कर, चावी कुठाय. मग ती वरच्या मजल्यावरच्या मुलींकडे राहायला गेली. जाताना तिने बादली, इस्त्री, भिंतीवरचं कॅलेंडर, आपलं सगळं वेगळं केलं. खोली इतकी शांत झाली की काकू वर येऊन विचारून गेल्या, कोणी आजारी आहे का.

त्यानंतरचे दिवस मला आठवतात ते एकाच रंगाचे. सकाळी मेसमध्ये कोपऱ्यातलं टेबल. दोघींना मिळून 'लासलगाव मार्केट' म्हणायचे तेव्हा गंमत होती. एकटीला म्हणायला लागले तेव्हा तेच शब्द टोचले. लायब्ररीत मी बसले की समोरचा मुलगा थोड्या वेळाने वही उचलायचा. मी डोक्यावरून आंघोळ करायचे, शिकेकाई लावायची, केस सुकायच्या आत परत त्या खोलीत. लिफ्टमध्ये कोणी असेल तर मी जिन्याने जायचे. माणसांपासून स्वतःच चार पावलं लांब उभं राहायची सवय लागते, आणि ती लवकर जात नाही. अजूनही मी रांगेत पुढच्या माणसापासून जरा मागेच उभी राहते.

कॅम्पसवर कंपन्या येत होत्या. फॉर्मल कपड्यातली मुलं, हातात फोल्डर, कोणाचं सिलेक्शन झालं की पोर्चमध्ये आरडाओरडा. मी खिडकीतून तो आवाज ऐकायचे आणि कुठे मुलाखतीला बसायची वेळ आली की बरणीचं निमित्त करून टाळायचे. खरं सांगायचं तर भीती वाटत होती. मुलाखतीत 'तुम्ही काय केलं' असं विचारलं तर काय सांगू? माझ्याकडे होतं ते सगळं खोटं निघालं होतं.

गणपतीत हॉस्टेल रिकामं झालं. मी घरी गेले नाही. बरण्या सोडून जाता येत नव्हतं, असं सांगितलं. खरं कारण असं की घरी गेले असते तर नानांनी विचारलं असतं, झालं का काही. लांबच्या मैदानावर ढोल पथकांचा सराव चालायचा. वाऱ्याची दिशा बदलली की आवाज जवळ यायचा, मग परत दूर. मी त्या ठेक्यावर खोलीतला केर काढायचे, टरफलं गोळा करायचे. एका दुपारी माझ्या लक्षात आलं की सकाळपासून मी एकही शब्द बोललेले नाही. मोठ्याने काहीतरी बोलावं म्हणून मी बरण्यांवरची नावं वाचून दाखवली. आवाज बसल्यासारखा निघाला.

मॅडम येत असत. त्या फार बोलायच्या नाहीत. एक दिवस त्यांनी निळ्या मण्यांची पिशवी आणली. दमट हवेतली ओल शोषून घेणारे ते मणी. ओल शोषली की गुलाबी होतात, ओव्हनमध्ये तापवले की पुन्हा निळे. बरणीतली हवा आधी मण्यांच्या नळीतून काढायची, कोरडी करायची आणि मग सेन्सरवर सोडायची, अशी जोडणी त्यांनी आणि मी मिळून केली. त्यांचे हात असे चालत होते की मी बघत राहिले. स्टाफरूममधल्या मॅडम या नव्हेत, असं वाटलं.

"मॅडम, तुम्ही आता काहीच संशोधन करत नाही?"

"वेळ कुठे असतो? पेपर तपासायचे, कमिट्या, ॲडमिशनचं काम." नळीला टेप गुंडाळत त्या म्हणाल्या. "आणि एकटीने करायचा कंटाळा येतो गं. पहिली काही वर्षं केलं. मग एक दिवस सुट्टी घेतली, ती चालूच राहिली."

मण्यांनी ओल काढून घेतली आणि आमची ती सुरेख रेघ कोसळली. चढ असा राहिलाच नाही. जवळजवळ सपाट. मी मणी तापवत राहिले. गुलाबीचे निळे, निळ्याचे गुलाबी. असं करता करता कधीतरी दिसायला लागलं की जवळजवळ सपाट आणि सपाट यांत थोडा फरक आहे. सडक्यांच्या रेघेला एक बारीकसा उठाव होता. माझे डोळे मला हवं ते दाखवतायत, अशी शंका येऊन मी मॅडमना बोलावलं.

मॅडम म्हणाल्या, "तू बाहेर जा."

त्यांनी बाहेरून सगळे सारखेच दिसणारे, कडक, चांगले कांदे निवडले होते. गावाकडच्याच गोणीतले, ज्यात मधूनमधून आतून बिघडलेला कांदा निघायचा. कोणता कसा, हे त्यांनाही माहीत नव्हतं. एका बरणीत एक, असे ठेवून त्या दोन दिवस खोलीला कुलूप लावून गेल्या. मला दाखवले ते फक्त कॉम्प्युटरवरचे आकडे.

"सांग."

मी बोट ठेवलं. "ही."

मॅडमनी ती बरणी उघडली. मी वाकून वास घेतला. काही नाही, स्वच्छ कांदा. दाबून पाहिला, टणक. माझा चेहरा पडला असावा, कारण मॅडम म्हणाल्या, "थांब जरा." त्यांनी पर्समधून सफरचंद कापायची छोटी सुरी काढली आणि कांदा मधोमध कापला.

आतली एक पाकळी, अगदी गाभ्याजवळची, तपकिरी आणि पाणावलेली होती.

मग त्यांनी बाकीचे कापले. सगळे पांढरेशुभ्र निघाले. दोघींच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि दोघींनाही पुसायला सुचत नव्हतं. मॅडमना लेक्चर होतं. त्या जाताना दारात थांबल्या, मागे वळून ओट्याकडे एकदा बघून गेल्या. मी ओट्यावर मांडलेल्या त्या अर्धुकांकडे बघत बसले. कोणाला तरी सांगावं म्हणून फोन हातात घेतला. बोट सवयीने ऋतुजाच्या नावावर गेलं. मग मी फोन ठेवून दिला.

आम्ही ते पुन्हा पुन्हा करून पाहिलं. दरवेळी बरोबर आलं असं नाही, पण नुसत्या अंदाजाने आलं असतं त्याहून बरंच जास्त वेळा आलं. मॅडमनी लेख लिहायला बसवलं. त्यातला सगळ्यात मोठा भाग, आमचं पहिलं उत्तर का चुकलं, याचा होता. तो लेख एका लहानशा नियतकालिकात आला. नानांना दाखवला तेव्हा त्यांनी त्यातलं माझं नाव तेवढं वाचलं, त्यावरून अंगठा फिरवला.

"मग आता चाळीत लावता येईल ना?"

"नाही नाना. बरणीत एक कांदा होता. चाळीत किती असतात. अजून लय काम बाकी आहे."

"कोण करणार?"

"माहीत नाही. कोणीतरी करेल."

"हं," ते म्हणाले. ते नाराज झाले की नाही, मला कळलं नाही. चाळीत ते यंत्र आजही लागलेलं नाही.

मी आता आहे त्या संशोधन संस्थेच्या मुलाखतीत समोर बसलेल्यांपैकी एका वयस्कर बाईंनी विचारलं होतं, "तुम्हाला काय सापडलं?" मी म्हणाले, "आधी जे सापडलंय असं वाटलं, ते सापडलेलंच नव्हतं." मग सगळं सांगितलं, नॅपकिनसकट. त्या पुढे झुकून ऐकत होत्या.

ऋतुजाला पुण्यात नोकरी लागली. लग्न तिने दोन वर्षांनी केलं, स्वतः ठरवून. मालेगावला मी गेले होते. स्टेजवर तिने मला मिठी मारली आणि नवऱ्याला ओरडून सांगितलं, "हीच ती!" काय सांगून ठेवलं होतं कोण जाणे. तो हसला. मागे फोटोसाठी रांग होती. मी खाली उतरले. आता आम्ही वाढदिवसाला मेसेज करतो. तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. तिलाही माझं चुकलं असं आता वाटत नसावं. पण मधली जागा भरली नाही, आणि भरेल असंही वाटत नाही.

नाशिक सोडलं तेव्हा स्टेशनवर नाना आणि आई आले होते. गाडी लागायच्या जरा आधी पुलावरून मॅडम उतरताना दिसल्या. कॉलेजबाहेर मी त्यांना प्रथमच पाहत होते, साध्या ड्रेसमध्ये, घाईने आल्यामुळे धाप लागलेल्या. आईने त्यांना नमस्कार केला. नाना म्हणाले, "मॅडम, तिकडं हिला कोण हाय का वळखीचं?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "सुरुवातीला नसतं कोणी."

त्यांनी समजूत घातली नाही म्हणून मला तेव्हा वाईट वाटलं होतं. नंतर इथल्या पहिल्या वर्षात, जेवणाच्या टेबलावर माझी भाषा बोलणारं कोणी नसताना, प्रयोग महिनोन्महिने फसत असताना, मला त्यांच्या त्या वाक्याचा फार आधार वाटला. कोणीतरी मला खरं सांगून पाठवलं होतं.

मॅडम रविवारी फोन करतात. बोलणं थोडंच होतं. त्यांचे वडील गेल्या वर्षी गेले, त्यानंतर तर बोलण्यात शांतताच जास्त असते. पण दोघीही फोन ठेवत नाही. त्यांच्याकडे कुकरची शिट्टी होते, माझ्याकडे पंखा फिरत असतो.

या रविवारी त्यांचा फोन नेहमीच्या वेळेआधी आला. आवाज वेगळा वाटला. मी घाबरून विचारलं, "मॅडम, बरं आहे ना?"

"अगं, बरी आहे. कॉलेजातून बोलतेय."

"रविवारी?"

"मी परत सुरू केलंय," त्या म्हणाल्या. "महिना झाला. कोणाला सांगितलं नव्हतं. म्हटलं टिकतंय का बघू." मग किंचित थांबून, "एक आकडा विचित्र येतोय. सकाळपासून बघतेय. माझं काय चुकतंय ते दिसत नाहीये. वेळ आहे तुला?"

मी उठून खोलीचं दार लावून घेतलं, उशी भिंतीला टेकवली आणि नीट बसले.

"सांगा, मॅडम. पहिल्यापासून सांगा."